औंस: मापाचा की तोलाचा?

प्रश्न असा आहे: भाषांतर करताना मूळ पाककृतीत ‘८ औंस मध’ आणि ‘८ औंस दूध’ असे दोन्ही आले, तर मराठीत ग्रॅम लिहायचे की मिलिलिटर? आणि ‘फ्लुइड औंस’ला ‘द्रव औंस’ म्हणावे का?

गोंधळाचे मूळ शब्दाच्या जन्मातच आहे. लॅटिन ‘उंकिया’ म्हणजे बारावा भाग. पौंडाचा बारावा भाग तो औंस, फुटाचा बारावा भाग तो इंच; दोन्ही शब्द एकाच घरातले. पुढे व्यवहारातल्या पौंडात सोळा औंस झाले, तरी नाव काही बदलले नाही. म्हणजे औंस मुळात एकक नव्हे, नुसता हिस्सा. कशाचा हिस्सा, हे ज्याने त्याने समजून घ्यायचे!

वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. ब्रिटिशांनी १८२४ साली दहा पौंड पाणी मावेल तो गॅलन असे ठरवले आणि त्याचे १६० भाग केले. त्यामुळे त्यांच्या एका द्रव औंसात बरोबर एक औंस वजनाचे पाणी बसते, २८.४१ मिलिलिटर. अमेरिकेने मात्र २३१ घन इंचांचा जुना वाइन गॅलन ठेवला आणि त्याचे १२८ भाग केले. त्यांचा औंस २९.५७ मिलिलिटरचा. गंमत म्हणजे अमेरिकी औंस मोठा, पण गॅलन लहान: ३.७९ लिटर, ब्रिटिश ४.५५.

पाण्याच्या बाबतीत माप आणि वजन जवळजवळ जुळते, दुधाच्या बाबतीतही फारसे बिघडत नाही. म्हणून चूक वर्षानुवर्षे खपून जाते. मध मात्र पाण्याच्या सुमारे १.४ पट जड. अमेरिकी मापाने ८ औंस मध घेतला तर तो ३३० ग्रॅमच्या आसपास भरेल. तोलून घेतला तर २२७ ग्रॅमच.

‘द्रव औंस’ चुकीचा नाही, पण मला तो फसवा वाटतो (संधी करून ‘द्रवौंस’ लिहिणाऱ्यांना तर दंडवतच). मधही द्रवच आहे, पण तो तोलूनही घेतात. मराठीत ‘मापणे’ आणि ‘तोलणे’ ही दोन वेगळी क्रियापदे आयती आहेत. ‘मापून ८ औंस’, ‘तोलून ८ औंस’ असे लिहिले की विशेषण लागतच नाही. रूपांतर करायचेच असेल, तर आधी पाककृती कुठली ते पाहा: अमेरिकी असेल तर मापलेले ८ औंस म्हणजे २३७ मिलिलिटर, जुनी ब्रिटिश असेल तर २२७.