वडिलांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा गिअरबॉक्स गेलाय. तसाच दुसरा बसवू, की खाली सीटजवळ दांडी असलेला पाच गिअरवाला टाकू?

पद्मिनीला पद्मिनीचाच बॉक्स शोधा. स्टिअरिंगजवळचा गिअर काढायचा विचार डोक्यातून काढून टाका.

आमच्या 1984 च्या गाडीचा तिसरा गिअर निसटायला लागला, तेव्हा दादानं घरात एकच धोशा लावला होता, "पाच गिअरवाला टाक, हायवेला पळेल तरी." मी ऐकलं नाही. साताऱ्याहून कुर्ल्याला गेलो, सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत दोन दिवस फिरलो आणि एक बॉक्स पोत्यात गुंडाळून एसटीनं घरी आणला. गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यातली. तिचा बॉक्सही तिथूनच आणला, याचा मला आजही अभिमान आहे.

घोळ झाला तो बसवताना. गॅरेजवाल्यानं बॉक्सचा पुढचा शाफ्ट (दांडा) क्लच प्लेटमध्ये घातला, बोल्ट लावायच्या आधीच खालचा जॅक काढला आणि पाना शोधायला गेला. सगळा बॉक्स त्या शाफ्टवर लोंबकळत होता. मी समोर उभा होतो, पण मला कळलं नाही. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे थांबलो आणि पुन्हा क्लच सोडला, तर गाडी अक्षरशः थडथडायला लागली. मागे आई-बाबा बसलेले. बॉक्स पुन्हा उतरवला तेव्हा प्लेटचा मधला हब वाकलेला निघाला. नवी प्लेट, पुन्हा मजुरी. दादा अजूनही हा प्रसंग काढतो आणि दोष जुन्या बॉक्सला देतो. चूक बसवण्यात होती. तोच बॉक्स आजही गाडीत आहे.

म्हणून सांगतो, बोल्ट आवळेपर्यंत बॉक्सखालचा जॅक हलवू नका. प्लेट मधोमध आणायला जुन्या बॉक्सचा शाफ्ट वापरा. बॉक्स शेवटचा इंचभर जात नसेल तर बोल्ट आवळून ओढून आणू नका, हाउसिंगचा (बॉक्सच्या बाहेरच्या कवचाचा) कान तुटतो. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आत्ताच नवं टाका. गिअर ऑइल जीएल-4 दर्जाचंच भरा, पितळी सिंक्रोला (खरखर न होता गिअर पडू देणाऱ्या कड्यांना) तेच मानवतं.

पाच गिअरवाला बसतो, बसवणारे आहेत. पण दुसऱ्या गाडीच्या बॉक्सची भोकं जुळत नाहीत, स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) वेगळ्या, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो आणि दांडीसाठी गाडीचा पत्राही. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. आमची 2034 मध्ये पन्नाशीची होईल. त्या दिवसासाठी मी पत्र्याला हात लावू दिलेला नाही. दादाला हे मी कागद दाखवून सांगितलंय.

तुमची गाडी शेवटच्या काळातली, मुळातच खाली दांडी असलेली असेल, तर अर्थातच तसाच बॉक्स शोधा. घरी करणार असाल तर दोघं तरी हवेत आणि गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) हवी, नुसत्या जॅकवर नको. आणि बॉक्स "गेलाय" म्हणजे नेमकं काय होतंय? चालत्या गाडीत पहिला टाकताना खरखरत असेल, तर तो बिघाड नाही, पहिल्याला मुळात सिंक्रोच नाही. गिअर सापडत नसतील, तर स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंतच्या लिंकेजचे (जोडदांड्यांचे) बुश झिजलेत का ते आधी बघा. बुश बदलायला बॉक्स उतरवावा लागत नाही.