भावे सरांचं भिंग

प्रश्न: दहावी होऊन जमाना झाला, पण विज्ञानाच्या सरांनी शिकवलेलं अजून कामात उपयोगी पडतं. मित्र म्हणतात उगाच इमोशनल होतोस. हायस्कूलच्या मास्तरांचा परिणाम खरंच एवढा टिकतो का हो?

उत्तर: टिकतो की! शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांचंच बघा ना, वडील लहानपणीच गेलेले, आई कष्ट करून शिकवतेय, आणि गिरगावातल्या युनियन हायस्कूलात भावे सर, त्यांनी एकदा पोरांना उन्हात नेलं, हातात बहिर्गोल भिंग, खाली कागद, भिंग वर-खाली करत किरण एका ठिपक्यावर आणले आणि कागद पेटला. अशी ताकद एका जागी लावलीस तर काहीही जमेल, असं सरांनी या पोराला सांगितलं. (प्रयोग साधाच हो, आपल्यालाही दाखवला असेल, पण सांगणारा तसा लागतो.) पुढे माशेलकर १९९५ला सीएसआयआरचे (देशभरातल्या सरकारी विज्ञान प्रयोगशाळा चालवणारी संस्था) महासंचालक, २०१४ला पद्मविभूषण, तरी भाषणात भावे सर येतातच.

मित्रांना बोलू देत. तुमचे सर हयात असतील तर सरळ फोन लावा, फॉरवर्ड मेसेज नको, आणि त्यांचं नेमकं काय कामी आलं ते सांगा, नुसतं थँक्यू सर काय कोणीही म्हणतं.