वाचकांचे प्रश्न : पेटीतल्या चित्रांची सूची

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर लहानसे संग्रहालय आहे. कपाट हलवताना तेथे दोन पत्र्याच्या पेट्या सापडल्या. त्यांत देवादिकांची रंगीत छापील चित्रे, इंग्रजी नियतकालिकांतून कापून ठेवलेली युद्धप्रसंगांची चित्रे, पेन्सिलीची व शाईची काही रेखाटने आणि कुणा विद्यार्थ्याने चित्रकलेच्या परीक्षेसाठी केलेल्या सरावाचे कागद, असे मिळून सुमारे तीनशे कागद आहेत. आमच्यापैकी कुणीही कलेचा अभ्यासक नाही. विषयवार गठ्ठे करून त्यांना क्रमांक द्यावेत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. सुरुवात कशी करावी?
— एका वाचनालयाचे कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : विषयवार गठ्ठे करण्याची घाई कृपया करू नये. कागद पेटीत ज्या क्रमाने एकावर एक ठेवलेले होते, तो क्रम हाही एक पुरावा आहे आणि एकदा मोडला की तो पुन्हा लावता येत नाही. एकाच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दहा कागद बहुधा एकाच घरातून आलेले असतात आणि त्या वर्तमानपत्रावरील तारखेवरून ते केव्हा बांधून ठेवले असावेत याचा अंदाज येतो. चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या, कोकणातील पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच पटेल. त्या पोथ्यांतील चित्रांचे कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात आणि ते एका ठरलेल्या क्रमाने उलटत कथा सांगितली जाते; विषय पाहून त्यांची वाटणी केली, तर चित्रे उरतील, पण कथा जाईल. म्हणून पहिल्या दिवशी केवळ मोजणी करावी. प्रत्येक पेटीला एक अक्षर आणि तिच्यातील प्रत्येक गठ्ठ्याला एक अंक द्यावा, कागद आहेत त्याच स्थितीत त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि गुंडाळलेले वर्तमानपत्र, दोरी, चिठ्ठी यांपैकी काहीही टाकून देऊ नये.

त्यानंतर दाखल रजिस्टर. वर्ष, त्या वर्षातील नोंदीचा अनुक्रम आणि कागदाचा क्रमांक एवढ्यावर भागते. क्रमांकात विषय गुंफू नये, कारण ‘देव–१२’ असा क्रमांक दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूस एखाद्या गढीचे रेखाटन निघाले, की ती पद्धत तेथेच कोलमडते. क्रमांक मऊ पेन्सिलीने, कागदाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने लिहावा. शाई, गोंदाची चिठ्ठी आणि वाचनालयाचा शिक्का यांपैकी काहीही वापरू नये. मी तपासलेल्या एका संग्रहात रेखाटनांच्या पाठीवर मारलेल्या जांभळ्या शिक्क्यांची शाई पातळ कागदातून पुढच्या बाजूस उतरली होती आणि एका सुरेख व्यक्तिचित्राच्या गालावर संस्थेचे नाव उलटे उमटले होते. ते आता कुणालाही पुसता येणार नाही, आणि शिक्का मारणाऱ्याचा हेतू तर चित्र सांभाळण्याचाच होता.

नोंदपत्रकाविषयी माझा एकच आग्रह आहे आणि इतर सर्व बाबतींत मी तडजोड करीन. कागदावर जे दिसते ते एका रकान्यात आणि त्यावरून आपण जे समजतो ते दुसऱ्या रकान्यात लिहावे. चित्राखाली छापलेली अक्षरे, चुकीच्या शुद्धलेखनासह, जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. ‘हा प्रसंग अमुक लढाईचा असावा’ हे वाक्य दुसऱ्या रकान्यात येईल आणि त्याच्यापुढे ते कुणी, कोणत्या दिवशी आणि कशाच्या आधारे लिहिले, हेही येईल. लहान संग्रहांच्या सूचींत मला सर्वांत जास्त चुका आढळल्या त्या अज्ञानामुळे झालेल्या नव्हत्या; कुणाचा तरी तर्क वीस वर्षांपूर्वी वस्तुस्थिती म्हणून लिहिला गेला आणि पुढच्या प्रत्येकाने तो विश्वासाने नकलून घेतला, एवढेच झाले होते. मोजमाप मिलिमीटरमध्ये, आधी उंची व मग रुंदी, आणि चित्राचे वेगळे व कागदाचे वेगळे घ्यावे.

छपाईचा प्रकार ओळखण्यासाठी घड्याळजींकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. रंग किंवा करडी छटा सरळ रांगांतील, समान अंतरावरच्या ठिपक्यांनी बनलेली दिसली, तर ती हाफटोन छपाई आहे, आणि ही पद्धत १८८० नंतरच्या काळात रूढ झाली असल्याने, चित्राखाली १८५७ चा प्रसंग लिहिला असला तरी तो कागद त्या वर्षीचा असू शकत नाही. ठिपके अनियमित, दाणेदार, खडूने घासल्यासारखे दिसले, तर ते शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेले चित्र, असण्याचा संभव जास्त. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागत असल्याने, रंग एकमेकांवरून किंचित सरकल्याची कडही अनेकदा दिसते. रेषा मध्ये जाड व टोकांना निमुळत्या होत गेलेल्या असतील आणि चित्राभोवती कागदात दबलेली चौकोनी खूण बोटाला जाणवत असेल, तर ते तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरील खोदकाम समजावे. ती दबलेली खूण मोजून लिहावी, कारण एकाच पत्र्याच्या निरनिराळ्या छापांची ओळख पुष्कळदा तिच्यावरूनच पटते.

तुमच्याकडील नियतकालिकांची कात्रणे ही बहुधा लाकडी ठशांची असतील. १८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’सारख्या साप्ताहिकांतील मोठी चित्रे लाकडाचे अनेक लहान तुकडे एकत्र जोडून, निरनिराळ्या कारागिरांकडून खोदून घेतली जात, त्यामुळे आकाशात किंवा जमिनीवर एखादी केसाएवढी पांढरी सरळ रेघ दिसली, तर तो त्या तुकड्यांचा सांधा असतो. कापताना वरची तारीख गेलेली असली तरी निराश होण्याचे कारण नाही. कात्रणाच्या पाठीवरचा मजकूर वाचून काढावा. तेथील बातम्यांवरून अंक शोधता येतो. म्हणूनच असे कात्रण पुठ्ठ्यावर कधीही चिकटवू नये.

विद्यार्थ्याचे कागद रद्दीत जातील, अशी मला खरी भीती वाटते. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील अभ्यासक्रमाची सावली पुढे इलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांच्या रूपाने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांपर्यंत पोहोचली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्या परीक्षा दिल्या, पण जुन्या काळी तालुक्याच्या गावात मुलांना काय रेखाटायला देत असत, शिक्षक कोठे दुरुस्ती करीत, कागद कोणता वापरत, हे सांगणारा साठा फारच थोड्या ठिकाणी उरला आहे. मोठ्या शहरांतील संग्रहालयांकडे नसलेली आणि तुमच्याकडेच असलेली गोष्ट कदाचित हीच असेल. त्या कागदांना देवादिकांच्या चित्रांइतकीच सविस्तर नोंद द्यावी.

प्रश्न : आमच्या संग्रहातील लक्ष्मीच्या एका चित्रावर जरी, टिकल्या आणि खरे कापड चिकटवलेले आहे. चौकटीमागच्या पुठ्ठ्यावर ‘रविवर्मा’ असे लिहिलेले आहे. हे मूळ रविवर्मा समजावे काय, आणि नोंद करण्यापूर्वी नंतर लावलेली सजावट काढून चित्र स्वच्छ करावे काय?
— एक विश्वस्त, कोकण

उत्तर : सजावटीला हातही लावू नये. छापील देवतेला साडी नेसवणे, दागिने चढवणे हे घरोघरी प्रेमाने केलेले काम होते. ते कापड आणि त्या टिकल्या त्या चित्राच्या इतिहासाचाच भाग आहेत. नोंदीत ‘रंगीत शिळाछाप, त्यावर कापड, जरी व टिकल्या’ असे लिहावे आणि कोठे काय सुटू लागले आहे तेही सांगावे.

नावाबाबत मात्र थोडे सावकाश जावे लागेल. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले, छापखाना मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला आणि त्याने म. वि. धुरंधर यांच्यासारख्या इतर चित्रकारांची चित्रेही छापली. तेव्हा ‘रविवर्मा प्रेस’ ही अक्षरे मुद्रक सांगतात, चित्रकार सांगत नाहीत. त्यांच्याबरोबर ‘कार्ला–लोणावळा’ असे स्थळ असेल, तर चित्र मुंबईतल्या पहिल्या काळातील नाही, हे निश्चित होते. काही चित्रांवर ‘अनंत शिवाजी देसाई, मोतीबाजार, मुंबई’ असे नाव आढळते. ते प्रकाशक–विक्रेत्याचे आहे. चित्रकार, मुद्रक आणि प्रकाशक यांना तीन स्वतंत्र रकाने द्यावेत आणि माहीत नसेल तो रकाना रिकामा ठेवावा. १८६७ च्या कायद्याने छापील कागदावर मुद्रकाचे नाव व स्थळ घालणे बंधनकारक केले होते, त्यामुळे बारीक अक्षरांतील ती ओळ खालच्या पांढऱ्या पट्टीत शोधावी. पुष्कळदा ती चौकटीच्या पट्टीखाली झाकली गेलेली असते. सर्वच जुनी देवचित्रे रविवर्म्याच्या नावावर टाकण्याची आपल्याकडे सवय आहे आणि तिच्यामुळे पुण्याच्या चित्रशाळेवर मोठा अन्याय होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या त्या छापखान्याची चित्रे रविवर्मा प्रेसच्या सोळा वर्षे आधीपासून मराठी घरांच्या भिंतींवर लागत होती.

चौकट उघडावी लागली, तर मागचा पुठ्ठा, त्यावरील अक्षरे आणि चौकट करणाऱ्या दुकानाची चिठ्ठी हे सर्व चित्राच्याच क्रमांकाने जपून ठेवावे. ‘रविवर्मा’ हे नाव पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेले आहे की छापलेले, हेही नोंदीत येऊ द्यावे.

प्रश्न : एका देवळाच्या शाईतील रेखाटनाखाली इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे. चित्रकार म्हणून त्याचेच नाव घालावे ना?
— एक अभ्यासक, पुणे

उत्तर : त्याच्या नावाच्या पुढेमागे काय लिहिले आहे, ते आधी पाहावे. छापील चित्रांखाली ‘डेल.’ हे संक्षिप्त रूप रेखाटणाऱ्याच्या, ‘स्कल्प.’ खोदणाऱ्याच्या आणि ‘पिंक्स.’ मूळ रंगचित्र करणाऱ्याच्या नावापुढे येते. हाताच्या रेखाटनावर नुसतेच नाव असेल, तर तो माणूस चित्र काढणारा, काढून घेणारा किंवा नंतरचा मालकही असू शकतो. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या संग्रहातील वेरूळच्या लेण्यांची कितीतरी रेखाटने गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेली आहेत. आज ती अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि तेथे गंगारामाच्या नावाने ओळखली जातात. सर्वांच्याच नशिबी हे आले नाही. कंपनीच्या काळातील अनेक नकाशे व रेखाटने ज्या हातांनी केली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तेव्हा ‘चित्रकार : अज्ञात, खाली अमुक नाव लिहिलेले’ अशी नोंद करावी आणि कागदावर मोडीत किंवा देवनागरीत काही बारीक लिहिलेले असेल, तर ते जाणकाराकडून वाचवून घेतल्याशिवाय ती नोंद पूर्ण झाली असे समजू नये.

प्रश्न : सूची संगणकावर करावी की वहीत?
— एक ग्रंथपाल, नाशिक जिल्हा

उत्तर : दोन्हीकडे करावी. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने भारतीय संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केलेली आहे. ती मिळेपर्यंत साध्या तक्त्यातही काम उत्तम होते. बांधीव दाखल रजिस्टर मात्र बंद करू नये. छायाचित्रात मोजपट्टी आणि कागदाचा क्रमांक दिसू द्यावा, आणि कागदाची पाठ कोरी असली तरी तिचेही छायाचित्र घ्यावे. पहिल्या पंधरा नोंदी झाल्या की दुसऱ्या सभासदाने त्या न पाहता त्याच पंधरा कागदांच्या नोंदी स्वतंत्रपणे कराव्यात. जेथे दोघांचे लिहिणे जुळत नाही, तेथे नोंदपत्रकातील शब्द संदिग्ध आहेत असे समजून ते दुरुस्त करावेत आणि मगच सोळावा कागद हाती घ्यावा.