इम्युलेटरवर मारिओ जास्त वेगात का पळतो?

प्रश्न असा: माळ्यावरचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम दुरुस्त करावा की इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून तेच खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) घ्यावा? आणि इम्युलेटरवरचा मारिओ जास्त पळतो, म्हणजे तो नकली का?

नकली नाही. ही समजूत ऐकली की राहवत नाही. मारिओचा मूळ वेग सेकंदाला 60 चित्रांचा, जपान-अमेरिकेच्या टीव्हीप्रमाणे. आपले टीव्ही पाल नावाच्या सिग्नल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे. त्यामुळे म्हापशाच्या बाजारात मिळायची ती बहुतेक नकली मशिनं 50 वर चालत आणि खेळ सुमारे 17 टक्के संथ व्हायचा. मात्र प्रोसेसर जवळपास मूळ वेगाचाच (1.77 मेगाहर्ट्झ, मूळ 1.79), म्हणून गाण्याचा सूर तोच, लय तेवढी संथ. तुमच्या कानात बसलंय ते हे.

तोच वेग हवा तर मेसेन या इम्युलेटरमध्ये एनईएसच्या (निन्टेन्डोच्या मूळ मशीनच्या) सेटिंगमध्ये रीजन 'डेंडी' करा; डेंडी हे अशाच एका नकली मशीनचं नाव. 'पाल' नको, त्यात प्रोसेसर 1.66 वर येतो आणि सूरही उतरतो. मग टीव्हीला जाणारा सिग्नल 50 हर्ट्झवर ठेवा, नाहीतर पडदा सरकताना झटके बसतात.

उडी उशिरा लागते ही तक्रार बहुधा टीव्हीमुळे. आधी टीव्हीचा गेम मोड लावा. मग रेट्रोआर्कमध्ये (इम्युलेटर चालवणारा दुसरा प्रोग्रॅम) पी दाबून खेळ थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के एकेकदा दाबत जा, दर दाबाला खेळ एक चित्र पुढे सरकतो. दुसऱ्या दाबाला मारिओ हलला तर रन-अहेड (खेळ आतून पुढे चालवून उशीर भरून काढणारी सेटिंग) 1 ठेवा, तिसऱ्याला हलला तर 2. त्याहून जास्त ठेवलंत तर चित्र उड्या मारतं.

जुनं मशीन काढणारच असाल तर कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातली ओल पिनांवर बसते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात त्यांना आधीच हिरवा गंज धरलेला असतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या इअरबडवर घेऊन पिना पुसा, बोळा काळा यायचा थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट लावू नका. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. अ‍ॅडॅप्टर बदलायचा तर प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासा, उलटा लागला तर मशीन जळू शकतं.

माझ्या मते रोज खेळायला इम्युलेटरच. हो, काही मशिनं 60 वर चालणारीही येत, तुमचं तसलं असेल तर डेंडीची भानगड नको. आणि बंदुकीने बदकं मारायची असतील तर पिक्चर ट्यूबचाच टीव्ही लागेल. ती बंदूक ट्यूबवर त्या क्षणी उमटणारा उजेड टिपते, एलईडी टीव्हीवर तो उशिरा येतो.