‘कॅन लीड टू’ म्हणजे होणारच का?

प्रश्न: आरोग्यावरचं इंग्रजी काहीही वाचायला घेतलं की सारखं ‘कॅन लीड टू’ येतं. उदा. ‘अनकंट्रोल्ड डायबेटिस कॅन लीड टू किडनी डॅमेज’. म्हणजे किडनी जाणारच का? आणि मधेच ‘मे’, मधेच ‘कुड’ असतं ते कशासाठी? शिवाय मी ‘लीड टू लूज वेट’ लिहिलं तर सरांनी नुसती लाल रेघ मारली, कारण सांगितलंच नाही.

उत्तर: होणारच असं अजिबात नाही. ‘लीड टू’ म्हणजे एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं होत होत तिथवर जाणं, आणि त्याच्या आधी ‘कॅन’ लावलं की अर्थ होतो, असं घडतं हे माहीत आहे पण प्रत्येकाचं तसंच होईल असं नाही. ‘मे’ म्हणजे होईल किंवा नाहीही होणार. डॉक्टरी लिखाणात ही दोन्ही बिनधास्त अदलाबदल करून वापरतात, त्यामुळे तिथे फार कीस पाडू नका. ‘कुड’ आणि ‘माइट’ थोडं अजून हात राखून बोलणं. आपण सगळ्यालाच ‘होऊ शकतं’ म्हणतो, चालतं, फक्त ते ‘शकतं’ गाळून ‘डायबेटिसमुळे किडनी निकामी’ असं ठोकून देऊ नका, तिथे अर्थच बदलतो.

‘मे’ हा शब्द किती वजनाचा असतो ते अमेरिकेतल्या सिगारेटच्या पाकिटावर बघा. १९६५ च्या कायद्याने जी ओळ छापायला लावली तिच्यात होतं ‘मे बी हॅझर्डस टू युअर हेल्थ’, म्हणजे अपायकारक असू शकतं, बस. १९८४ च्या कायद्यातल्या चार सूचनांपैकी एक सरळ म्हणते ‘स्मोकिंग कॉजेस लंग कॅन्सर, हार्ट डिसीज, एम्फिसीमा’ (हा फुप्फुसाचा आजार), आणि गंमत म्हणजे त्याच वाक्याच्या शेपटीला ‘अँड मे कॉम्प्लिकेट प्रेग्नन्सी’. कॅन्सरला ‘कॉजेस’, गरोदरपणातल्या गुंतागुंतीला ‘मे’, एकाच दमात दोन वजनं!

खरी गफलत होते भूतकाळात. ‘द गॅस लीक मे हॅव लेड टू द एक्स्प्लोजन’ म्हणजे स्फोट झालाय, कारण कदाचित गळती असेल. ‘कुड हॅव लेड टू ॲन एक्स्प्लोजन’ म्हणजे बहुतेक वेळा स्फोट झालाच नाही, थोडक्यात वाचले. बातमी वाचताना इथे घाई केली तर न झालेला स्फोट तुम्ही झाला म्हणून सांगत सुटाल.

आता लाल रेघ. इथलं ‘टू’ म्हणजे ‘टू गो’, ‘टू ईट’ मधलं नाही, ते आपल्या ‘कडे’सारखं, त्यामुळे पुढे नाम तरी हवं नाहीतर आयएनजीवालं रूप. ‘लीड टू वेट लॉस’ किंवा ‘लीड टू लूजिंग वेट’ लिहा, सर गप्प बसतील. आणि भूतकाळ लिहिताना एल-ई-डी एवढंच, मधे ए नको. ए घालून ‘लेड’ वाचलंत तर ते शिसं, धातू.