नवीन संगणकात फ्लॉपी ड्राइव्हचा आता काही उपयोग आहे का?

रोजच्या कामासाठी नाही. मात्र घरात किंवा गावच्या सोसायटीच्या कपाटात जुन्या फ्लॉप्या (संगणकातील माहिती साठवायच्या चुंबकीय चकत्या) पडून असतील, तर त्यांतील मजकूर एकदा काढून घेण्यापुरता नक्कीच आहे. साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ एमबी माहिती मावते, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेला कापसाच्या बोंडाचा एक फोटोही त्यात बहुधा बसणार नाही. ॲपलने १९९८ च्या आयमॅकमध्येच हा ड्राइव्ह वगळला होता, आणि आताच्या मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर) त्याची ३४ पिनांची जोडणीही सहसा नसते.

म्हणून तालुक्याच्या दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी तो आत बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नये, यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह घ्यावा. तो साधारणपणे फक्त साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो, सव्वापाच इंची नाही.

फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील सरकती पट्टी छिद्र उघडे राहील अशी सरकवावी, म्हणजे चुकूनही काही पुसले जाणार नाही, आणि संगणकाने फॉरमॅट करण्याविषयी विचारले तर नकार द्यावा. आपल्याकडे टिनाच्या छपराखालचा मे महिना आणि त्यामागून येणारी पावसाळी ओल या दोन्ही गोष्टी चुंबकीय लेपाला मारक आहेत (माझ्या निम्म्या फ्लॉप्यांवर बुरशी निघाली). बुरशी दिसल्यास ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण वाचणारे हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही बिघडतात.