'निराश लाभार्थी' आणि सुलतानपूरचं शेत

प्रश्न असा होता की मृत्युपत्रावरच्या एका मराठी टिपणात 'निराश लाभार्थी' असं वाचलं, तर कोर्ट माणसाच्या मनाचीही दखल घेतं का?

नाही हो. हा 'डिसअपॉइंटेड लेगटी'चा मक्षिकास्थाने मक्षिका केलेला तर्जुमा आहे आणि तो दिसला की माझं डोकं फिरतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 काढा, कलम 180-182. उदाहरण तिथलंच, सुलतानपूरचं शेत आहे 'क'चं, पण 'अ' आपल्या मृत्युपत्रात ते परस्पर 'ब'ला देऊन टाकतो आणि 'क'ला ठेवतो हजार रुपये. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! आता 'क'ने ठरवायचं, शेत की हजार. शेत 800चंच, हिशेबाने हजार घ्यायला हवे होते, पण गडी जमीन सोडत नाही. मग त्याचे हजार जातात, त्यातले 800 'ब'ला मिळतात. आणि कायद्याच्या भाषेत 'निराश' कोण, तर हा 'ब'! शेताची पूर्ण किंमत रोख घेऊन घरी गेलेला माणूस, निराश कसला डोंबलाचा? 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात (कलम 35) परत तेच शेत, तेच 800, फक्त तिथे मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्र.

खरी मजा शब्दाच्या पोटात आहे. डिसअपॉइंट आलाय जुन्या फ्रेंचमधून, अर्थ नेमणूक काढून घेणे, पदावरून हटवणे. म्हणजे अपॉइंटच्या उलट, इतकं सरळ! 'ब'ची शेताच्या मालकीवर नेमणूक झाली होती, ती रद्द झाली, बस. मन बिन नंतर आलं.

काही जण इथे 'वंचित' सुचवतात, मोठ्या अधिकारवाणीने. अहो, वंच् म्हणजे फसवणे, 'वंचना' आठवा. 'ब'ला कोणी फसवलंय? माझं मत 'वाटा हुकलेला'. कोर्टात शोभत नाही म्हणे, नसू दे, कळतं तरी.

आता निराशवर आलोच आहोत तर, संस्कृतात आशा म्हणजे दिशासुद्धा, अमरकोशात दिशांच्या नावांत 'आशा' आहे. कोशकार म्हणतात हे दोन वेगळे शब्द, मुळंही वेगळी. असतील. पण मला कधीच पटलेलं नाही, ज्याला पुढे जायला दिशाच उरली नाही तोच निराश, हे इतकं चपखल बसत असताना दोन शब्द कशाला करायचे, धातुपाठ (संस्कृत धातूंची यादी) हातात आला की काही लोकांना कान राहत नाहीत.

'फ्रस्ट्रेटेड कॉन्ट्रॅक्ट'चंही, म्हणजे ज्याचा हेतूच बारगळला अशा कराराचंही तेच, मी 'वैफल्यग्रस्त करार' वाचलंय, जणू कराराला समुपदेशन हवंय! लॅटिन फ्रुस्त्रा म्हणजे व्यर्थ, तेव्हा साधं 'विफल' म्हणा. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक बघायला लंडनमध्ये एकाने खोल्या भाड्याने घेतल्या, राजा पडला आजारी, मिरवणूक पुढे ढकलली, खोल्या जागच्या जागी पण करार विफल.

हां, तुमचा प्रश्न मनाचा होता ना. तिकडे ग्राहक आयोगात बघा, 'मानसिक त्रासापोटी' अमुक रुपये असं निकालात लिहितात. तो शब्द त्रास आहे, निराशा नाही.